सगुणा, परी आणि पानावरचा थेंब

सगुणाचा इवलासा भाऊ भिवा तापाने फणफणला होता. आई पहाटेच लोकांच्या शेतात खुरपायला गेलेली. घरात औषध म्हणून नाही. सगुणा बिचारी त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवत बसली होती.

शेजारच्या राधाक्का आल्या. वाऱ्यात का खेळू दिलंस, मुलींनी कसं जबाबदारीनं वागावं, असं पुष्कळ बोलून तशाच निघून गेल्या.

"झोडलं वाटतं प्रवचन!" दारातून आत येत गिरजामावशी पुटपुटली. "जा पोरी, बागेतून गवती चहा आण. मी बसते याच्यापाशी."

सगुणा गोंधळली. देवळातलं प्रवचन तिला ठाऊक होतं. ते संपलं की खडीसाखर मिळायची. मग मावशीने नाक का मुरडलं?

बागेत दवाचे टपोरे थेंब लुकलुकत होते. निळ्या गोकर्णीच्या वेलीवर, कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. चंदेरी पंख, गुलाबी झगा, इवले इवले सोनेरी जोडे! सगुणाने हलक्या बोटांनी तिला सोडवलं.

"गुणाची गं माझी छकुली!" परी म्हणाली. "एक वर माग. पण या पानावरचा थेंब सुकायच्या आत हं! आणि आधी नीट ऐक. हाव करू नये. मोठ्यांचा मान राखावा. रोज लवकर उठावं..."

मोठं माणूस बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, असं आईने शिकवलेलं. सगुणा हात जोडून उभी राहिली. थेंब बोराएवढा होता, तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. बोलावं की गप्प राहावं?

"काही शंका?" परीने विचारलं.

शंका विचारली, म्हणजे शंकाच सांगायला हवी! सगुणा चाचरत म्हणाली, "परीताई, प्रवचन झोडणं म्हणजे काय हो?"

"सोप्पं आहे! कुणी विहिरीत पडलंय, आणि दोर टाकायचा सोडून आपण काठावरून सांगतोय, बघून चालावं, धावू नये. बोलणं खोटं नसतं, पण ऐकणारा बुडत असतो ना! अशा माणसाला लोक म्हणतात, झोडतोय..."

परी थबकली. तिने पानाकडे पाहिलं. तिचे गाल जास्वंदीसारखे लाल झाले.

"बाळा, तुला काय हवं होतं?"

"भिवाचा ताप..." सगुणा म्हणेपर्यंत थेंब सुकून गेला.

परी मुसमुसून रडू लागली. सगुणाचेही डोळे भरले होते, तरी तिने फ्रॉकच्या टोकाने परीचे गाल पुसले. "रडू नका. तुम्ही चांगलंच सांगत होतात."

तेवढ्यात परीचा एक टपोरा अश्रू टप्पकन त्याच पानावर पडला. रुपेरी, लखलखता!

"माग! लवकर माग!"

"भिवा बरा होऊ दे!"

सोनेरी, जांभळा, केशरी प्रकाश उसळला. त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली. जाताना एक शब्दही बोलली नाही.

सगुणा धावत घरी आली. भिवा उठून बसला होता.

"ताई, भूक लागली," तो म्हणाला.

त्याला कवटाळून ती एवढी रडली, एवढी हसली, की भिवाला काही कळेचना.