झिजलेल्या चकत्या

उदाजीरावांची जुनी, नावाजलेली मोटार घाटात दरीत कोसळली आणि तिच्याबरोबर चालक भिवाजी तावरेही गेला. घाटमाथ्यावरच्या विश्रामगृहात चौकशी बसली. सारा दोष मेलेल्याच्या माथी मारला जाणार, हे भिवाजीची पत्नी इंदुमती हिला कळून चुकले होते. मेजावर मोटारीच्या पुढच्या ब्रेकच्या दोन चकत्या ठेवल्या होत्या. झिजून पत्र्यासारख्या पातळ झालेल्या.

“ब्रेक उत्तम होते,” उदाजीराव म्हणाले. “जुन्या गाडीला मूळच्याच चकत्या शोभतात. नव्या मागायची भिवाजीला खोडच होती. मुळात त्याचा हात कच्चा.”

इंदुमती उठली. “सरकार, बाहेर उभी आहे ती आपली गाडी याच जातीची ना?”

“जोडीचीच आहे.”

“मग या चकत्या तिला बसवू द्या आणि आपण घाट उतरून घरी जा. आपला हात तर पक्का आहे.”

अधिकाऱ्याने मिस्त्रीला खूण केली. मिस्त्री चकत्या उचलून दाराशी पोहोचला, तसे उदाजीराव खुर्चीतून उठले.

“तिच्या काढू नका. गेल्याच महिन्यात नव्या घातल्यात.”

“म्हणजे झिजलेली चकती सरकारांना ओळखता येते,” इंदुमती म्हणाली. “गाडीत कोण बसणार, तेवढे आधी ठरावे लागते.”