कासवाला विचारलेले प्रश्न

त्या राज्यात दर वर्षी तळे गोठत असे, आणि ते गोठण्याआधी पक्ष्यांनी दक्षिणेला निघून जावे, एवढाच तिथला कायदा होता. बाकी सारे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

तळ्याच्या काठी एका घोरपडीचे बीळ होते. तिला पिसे नव्हती आणि थंडी फार वाजे. तिने बिळापुढे सपाट दगड मांडला आणि पत्त्यांच्या पानांचा खेळ सुरू केला. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळत, मधे पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडत, आणि या सातांतली सर्वांत चांगली पाच ज्याची, त्याला दगडावरची सगळी पिसे मिळत. पिसे स्वतःच्या अंगावरून उपटून लावायची होती. पंखातले एक लांब पीस छातीच्या वीस मऊ पिसांच्या बरोबरीचे धरत. कोणीही जिंको, प्रत्येक ढिगातले एक पीस घोरपड शेपटीने आपल्याकडे ओढून घेई. दगड तिचा होता, म्हणून ते कोणाला खटकले नाही.

दाराशी एक म्हातारे कासव बसे. नवख्यांच्या शंका ते फुकट सोडवी आणि कधी खोटे बोलत नसे.

थोरला हंस तीन दिवस त्याच्यापाशी बसला. ओळीने लागलेली पाच मोठी की एका रंगाची पाच, असे त्याने विचारले. एका रंगाची, कासव म्हणाले. दोघांची जोडी सारखीच निघाली तर? उरलेल्यांतले मोठे पान बघायचे. हातात काही नसताना पिसे वाढवली तर चालते का? चालते, समोरचा भ्याला की पाने दाखवावीही लागत नाहीत. थोरल्याने सगळे पाठ केले. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता. त्याला उडायला थोरल्यानेच शिकवले होते. धाकट्याने एकच विचारले.

"पानं टाकून देता येतात, ते कळलं. पण दगडापासून उठायचं कधी?"

"हा खेळाचा प्रश्न नाही," कासव म्हणाले.

थोरला वाईट खेळत नव्हता. नंतर तो वाईट खेळला असे सांगणारे पुष्कळ निघाले, पण त्यांतला एकही त्याच्यासमोर टिकला नव्हता. तो जिंके, हरे, पुन्हा जिंके. ढीग इकडून तिकडे जात आणि दर वेळी एक पीस बिळात जाई. आधी त्याची छाती उघडी पडली, मग पाठ. काठचे पाणी कडक होऊ लागले तेव्हा तो पंखांतली पिसे लावत होता.

"दादा, ऊठ. थवा निघतोय."

"आता उठलो तर गेलेली सगळी फुकट जातील. एवढा एकच डाव."

शेवटचे लांब पीस त्याने त्या डावात लावले, आणि त्याला चार सारखी पाने लागली. दगडापाशी इतका मोठा ढीग कोणी पाहिला नव्हता. काळी, निळी, तांबडी, सगळ्या राज्याची पिसे त्याच्यापुढे आली. बदकांनी त्याची पाठ थोपटली. एक पाणकोंबडी म्हणाली, हा राजा आता काही आपल्याशी बोलणार नाही.

थोरल्याने ढिगातले एक पीस उचलून पंखाला लावले. ते खाली पडले. धाकट्याने त्यातून थोरल्याचीच करडी पिसे शोधून काढली आणि चोचीने एकेक करून मूळच्या जागी बसवत राहिला. तीही पडली.

मग थोरल्याने ढिगाची मोळी गवताच्या दोरीने बांधली.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी आलोच मागून."

धाकटा उडाला. वरून त्याने पाहिले तेव्हा थोरला मोळी ओढत दक्षिणेकडे चालला होता.

तळे वितळल्यावर धाकटा परत आला. लव्हाळे संपते त्याच्या जरा पुढे त्याला मोळी सापडली. दोरीचे टोक अजून थोरल्याच्या चोचीत होते.

तो तसाच दगडापाशी गेला. घोरपड पिसांत गळ्यापर्यंत रुतून झोपली होती. दाराशी एक कोवळा चक्रवाक कासवाला विचारत होता, इथे कुणाला लागलेला सगळ्यांत मोठा हात कोणता?

"चार सारखी," कासव म्हणाले. "गेल्या वर्षी एका हंसाला लागली. सगळा ढीग घेऊन गेला."

"आणि तो हंस?" धाकट्याने विचारले.

कासवाने त्याच्याकडे सावकाश मान वळवली.

"हा खेळाचा प्रश्न नाही."

चक्रवाकाने मान डोलावली, छातीचे एक मऊ पीस उपटले आणि तो दगडाकडे गेला.