तांबूस लोकर

डोंगरांना नावं पडण्याआधीची ही गोष्ट. एका उंच तळ्याकाठी मेंढ्यांचा कळप राहायचा. त्यांच्यात सुना आणायच्या त्या डोंगरापलीकडच्या तळ्यावरूनच. भुरीलाही तशीच आणली, खालून मोठा वळसा घालून.

"वरून माहेर जवळ पडेल ना?" तिने विचारलं.

"त्या कड्याला वाट नाही, सूनबाई," सासू म्हणाली. "आपल्यात पुढचीच्या मागे चालतात. चर आता."

भुरी चरायची, पण पाणी प्यायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लावायची. पाण्यात डोंगर उलटा दिसायचा आणि कलत्या उन्हात त्याची एकेक कपार उठून दिसायची. ती वाट शोधत होती. "हिला तहान फार," जावा हसायच्या.

एका सकाळी कळप खाली वळला आणि भुरी वर. घळीतून, मग अरुंद कपारीवरून, गुडघे सोलवटत ती खिंडीत पोचली. पलीकडे सरळ तुटलेला कडा होता. खूप खाली माहेरचं तळं चमकत होतं, काठाने ठिपके हलत होते. त्यातली आई कुठली, ते कळेना.

टेकायला वळली, तर तिथला दगड बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याच्या फटीत तांबूस लोकर अडकली होती. कळपात तांबूस एकटी सासूच होती.

संध्याकाळी भुरी उतरली. सासू तळ्याकाठी थांबली होती. तिने सुनेचे गुडघे पाहिले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"धुकं नव्हतं ना गं आज?"