महाराजांचं पिस्तूल

कर्णगडच्या उदाजीराव महाराजांनी धोंडजी जिनगराला वाड्यावर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "मला असं पिस्तूल घडवून दे, जे माझ्याच हातून उडेल. दुसऱ्या कोणाच्या हातून उडता कामा नये."

धोंडजी हात जोडून उभाच राहिला. सारा जन्म त्याने पिस्तुलं घडवण्यात घालवला होता. त्याच्या हातच्या नळीला कधी तडा गेला नव्हता. पण चाप तो चाप. जो ओढील त्याचा तो होतो, हे महाराजांना सांगायचं कसं?

महाराजांच्या या हट्टामागे होते त्यांचे मेहुणे हैबतराव. आदल्या शिकारीत त्यांनी महाराजांचं पिस्तूल न विचारता उचललं, महाराजांच्या डोळ्यांदेखत रानडुक्कर लोळवलं आणि वर जेवताना सगळ्यांना ती हकिकत रंगवून सांगितली. तेव्हापासून महाराजांना घास गोड लागत नव्हता. राणीसाहेबांच्या भावाला बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळा राग जिनगरावर निघाला. दसऱ्यापर्यंत पिस्तूल झालं नाही तर भट्टीचा भाता नदीत फेकू आणि तुम्हा घरच्यांना गावाबाहेर काढू, असं महाराजांनी बजावलं.

धोंडजी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. त्याची सून तुळसा चांदीच्या तारेचं नक्षीकाम करायची. लाकडात बारीक चर कोरून त्यात ती तार अशी ठोकून बसवायची, की बोट फिरवलं तरी सांधा लागत नसे. पण दरबारच्या हत्यारावर कारागिराने आपली खूण उमटवायची मनाई होती. तिने सासऱ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि काय झालं ते विचारून घेतलं. धोंडजी म्हणाला, मुठीत एखादी चोरकळ, म्हणजे लपवलेली खिट्टी, बसवता येईल. पण एकदा कोणी पाहिली की ती चोरकळ कसली?

तुळसेने आपली नक्षीची तार पुढे ओढली. मग म्हणाली, "मामंजी, तुम्ही पिस्तूल नेहमीसारखंच करा. चांगल्यात चांगलं करा. फक्त नळीवरची जागा माझ्यासाठी कोरी सोडा."

काय करणार, ते काही तिने सांगितलं नाही. धोंडजीनेही विचारलं नाही. त्याला दुसरा मार्ग तरी कुठे होता?

तुळसा मेणाचा गोळा घेऊन वाड्यावर गेली आणि महाराजांच्या मुठीचा ठसा घेऊन आली. महाराजांची करंगळी जरा वाकडी होती, म्हणून तिच्यासाठी पिस्तुलाच्या मुठीत वेगळी खोबण ठेवली. अक्रोडाचं लाकूड त्या ठशाबरहुकूम उतरवलं. धोंडजीने नळी आरशासारखी घासली आणि चाप इतका हलका केला की बोटाने जरासा ओढला तरी पुरे. तुळसेने मुठीवर चांदीची वेल चढवली आणि शेवटी दार लावून घेऊन नळीवर कोरायला बसली.

दसऱ्याला वाड्यापुढच्या पटांगणात दरबार भरला. महाराजांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मूठ हातात अशी बसली, जणू ती त्यांच्या हाताबरोबरच जन्मली होती. पण लगेच ते सावध झाले आणि म्हणाले, सुंदर आहे खरं, पण अट पाळली का ते पाहू.

धोंडजीने दारू ठासली, गोळी भरली. पटांगणाच्या टोकाला झाडावर मडकं टांगलं होतं. हैबतराव तर वाटच पाहत होते. त्यांनी पुढे होऊन पिस्तूल उचललं आणि नेम धरला.

"सरदार, थोडं थांबा," तुळसा म्हणाली. "आधी नळीवरची अक्षरं वाचून घ्या."

हैबतरावांनी पिस्तूल डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्याने वाचलं, "जो मला उडवील, तो कर्णगडच्या गादीचा धनी."

चिकाच्या पडद्यामागून राणीसाहेबांचा खोकला ऐकू आला. हैबतरावांनी चापावरचं बोट अलगद काढलं आणि पिस्तूल शेजारच्या सेनापतींच्या हातात दिलं. सेनापतींनी ते निखारा धरावा तसं धरलं आणि दिवाणजींकडे सरकवलं. दिवाणजींनी तर हात उपरण्याखालून बाहेरच काढले नाहीत. माझी नजर अधू झाली आहे, असं म्हणाले. पिस्तूल साऱ्या दरबारातून फिरून परत महाराजांपुढे आलं. उडालं मात्र नाही.

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही तर लबाडी झाली, मुली. ते भितात म्हणून उडवत नाहीत. चाप तर कोणाच्याही बोटाने ओढला जाईल."

तुळसेने पदर सावरला.

"असेल सरकार. मग आपणच कोणालातरी हुकूम करा. आपल्या हुकमाने त्याने सगळ्यांसमोर पिस्तूल उडवलं, तर माझं काम खोटं. आम्ही आजच गाव सोडतो."

महाराजांनी हुकूम द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात हैबतराव लगबगीने उठले, मुजरा केला आणि हात पुढे करून नम्रपणे म्हणाले, "सरकारांचा हुकूमच असेल, तर मी आहे."

महाराजांनी मेहुण्याकडे पाहिलं. नळीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. उघडलेलं तोंड मिटलं आणि पिस्तूल झटकन स्वतःच उचललं. धाडकन आवाज झाला आणि झाडावरच्या मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"सरकार," तुळसा म्हणाली, "उडालं की आपल्याच हातून."

आधी पडद्यामागून हसू फुटलं. मग महाराज हसू लागले, ते इतके की त्यांना पिस्तूल खाली ठेवावं लागलं. हसता हसता त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तुळसेला दिलं आणि आणखी काय हवं ते माग म्हणाले. तिने मागितलं, की दरबारच्या हत्यारांवर कारागिराची खूण उमटवायची मनाई आहे, तेवढी उठवावी.

"उठवली," महाराज डोळे पुसत म्हणाले. "खुशाल खूण कर. नाहीतर पुढच्या खेपेला तू गादीवरही स्वतःचंच नाव कोरशील!"