पडसाद शब्दाचे उदाहरण

करंजगड संस्थानाचा शब्दकोश रचायला धुंडिराजशास्त्र्यांना अकरा वर्षे लागली. छापण्यापूर्वी दिवाणसाहेबांनी अट घातली, की प्रत्येक शब्दाच्या उदाहरणात महाराजांचा गौरव हवा, नाहीतर शास्त्र्यांनी संस्थान सोडावे. त्या साली दुष्काळाने निम्मी गावे ओस पडली होती.

भर दरबारात दिवाणांनी कोश उघडला आणि मोठ्याने वाचले, "पडसाद : कशावर तरी आदळून परत येणारा आवाज. उदाहरण : महाराज म्हणाले, 'राज्यात सुकाळ आहे.' मानकऱ्यांतून पडसाद उमटला, 'सुकाळ आहे.'"

दिवाण लालबुंद झाले. "शास्त्रीबुवा, हा दरबाराचा अपमान आहे!"

"अपमान आहे!" सगळे मानकरी एका सुरात ओरडले.

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "मग ते वाक्य खुशाल खोडा, दिवाणसाहेब. ज्याला अर्थ कळणार नाही, त्याला घटकाभर इथे आणून बसवू."

हसू सगळ्यांनाच आले होते, पण दिवाण हसले नाहीत, म्हणून कोणीच हसले नाही. त्याच दिवशी शास्त्र्यांना हद्दीबाहेर पोचवण्यात आले. कोश पुढे थाटात छापला गेला. त्यात तो शब्द नाही, आणि दरबारात त्यावाचून कोणाचे कधी अडलेही नाही.