भिवरेचा खांदा

फार फार वर्षं झाली. सीनेकाठच्या नांदरखेडात सटवाजी नावाचा चाबुकस्वार होता, म्हणजे घोडी शिकवणारा. आपल्या चाबकापुढे नमत नाही असं घोडं जन्मलंच नाही, अशी त्याची घमेंड. त्याच घमेंडीत त्यानं काजळी नावाच्या काळ्याभोर घोडीला उपाशी ठेवून फोडून काढलं. काजळीनं एकच लाथ घातली. सटवाजी पुन्हा उठला नाही.

पाटील भाला घेऊन घोडीला मारायला निघाले, तर सटवाजीची लेक भिवरा आडवी आली. "आबा, पंधरा दिस द्या. मी शिकवते तिला. पंधराव्या दिवशी मी तिच्यावर बसलेली दिसले न्हाई, तर हाय तुमचा भाला."

पोर बापाचा सूड घेणार, असं गावाला वाटलं. खरं सांगायचं तर तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. कमरेला सुरी मात्र होती.

रोज भर दुपारी भिवरा माळावरच्या कुंपणात जायची आणि घोडीकडे पाठ करून उभी राहायची. "पाठ नगं दावू, पोरी!" म्हातारे ओरडायचे. ती ऐकेल तर शपथ! काजळी तीन पावलांवर येऊन थांबायची. भिवरा चालली की चालायची, थांबली की थांबायची. पण मधली ती तीन पावलं काही मिटत नव्हती. असं म्हणतात, की तेव्हा माळावर पाखरू बोलत नसे आणि दोघींचा मिळून एकच श्वास ऐकू येई.

चौदाव्या दुपारी भिवरा ढसाढसा रडली. "बानंच आधी हात उगारला गं. तुजं काय चुकलं?" म्हणाली आणि सुरी कुंपणापलीकडे भिरकावली. तेव्हा काजळी पुढे आली आणि तिनं भिवरेच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

दुसऱ्या दिवशी भिवरा लगामाशिवाय काजळीवर बसलेली दिसली. पाटील भाला घेऊन आल्या पावली परतले.

असं म्हणतात, की भिवरा म्हातारी झाली, पण काजळी झाली नाही. भिवरेनं डोळे मिटले त्या दुपारी घोडी माळावर गेली. पुढे ती कुणालाच दिसली नाही.

आजही नांदरखेडात खोगीर चढवण्याआधी नवं शिंगरू भर दुपारी त्या कुंपणात एकटं सोडतात. त्याला भिवरेला भेटवणं म्हणतात. शिंगरू बिचकतं, मग हळूहळू पुढे जातं आणि बाईच्या खांद्याइतक्या उंचीवर, रिकाम्या हवेत, हनुवटी टेकवतं. एखादं मात्र तीन पावलं अलीकडेच थांबतं. त्याला कुणी बोल लावत नाही; मालकाच्याच मनात कुणाबद्दल तरी सुरी असणार, असं समजतात. मालकच मान खाली घालून गावात जातो, ज्याच्याशी अबोला धरलाय त्याच्या दारात उभा राहतो आणि दुसऱ्या दुपारी शिंगराला घेऊन पुन्हा येतो.