दोन हजार पाचशे एकवीस बगळे

एका राज्यात राणी हेमावती रागावली की पिंजऱ्यातले पोपटसुद्धा गप्प बसत. त्या दिवशी तर ती अंगणात उभी राहून थरथरत होती. समोर सारं नगर बगळे होऊन बसलं होतं. तिचा पाच वर्षांचा केतूही त्यांतच.

झालं होतं असं. केतूच्या वाढदिवसाचं गावजेवण. चेटकीण करंजा जेवायला आली, तर प्रधानाने तिला पंगतीतून उठवून गोठ्याशी पान वाढलं. करंजाने हात झटकले.

"दोन हजार पाचशे एकवीस जीव. झाले बगळे! यांच्या पंगती नीट मांडल्यात तर पुन्हा माणसं होतील. एक पंगत दुसरीहून लहान नको, एकही बगळा बाहेर नको. तिसऱ्यांदा चुकलात तर उडून जातील, परतायचे नाहीत."

मांडायला म्हणून राणी आणि प्रधान तेवढी माणसं राहिली.

प्रधानाने रिवाजाप्रमाणे दोर ताणले. मानकऱ्यांपासून झाडूवाल्यांपर्यंत सात पंगती. एक बगळी उरली, अंगण झाडणारी भागूबाई.

"म्हातारी आहे. हाकलून देऊ," म्हणत प्रधानाने काठी उगारली. राणीने तोंड फिरवलं. बगळी मात्र जागची हलली नाही; एक चूक झाली.

दुसऱ्यांदा नऊ पंगती. पुन्हा एक उरला. त्याच्या पायात केतूचा चांदीचा वाळा होता.

"आता हाकला की!" राणी कडाडली. "काठी कुठं गेली तुमची?"

तेवढ्यात भागूबाई चोच उघडून म्हणाली, "बाईसाहेब, मी उरले तेव्हा हा राग कुठं होता?"

राणीचं तोंड लाल झालं.

प्रधान धुळीत आकडे मांडू लागला. दोनाने भागलं, एक उरला. तिनाने, एक. थेट दहापर्यंत एकच. अकराने दोन उरले. पन्नासापर्यंत जाऊन तो घामाघूम झाला. "महाराणी, ही संख्या फुटत नाही. हिचे सारखे वाटेच होत नाहीत."

"होत नाहीत ना? मग फोडता कशाला?" राणीने दोर उपटून फेकला. "एकच पंगत मांडा!"

"मानकऱ्याच्या मांडीला झाडूवाल्याची मांडी? महाराणी, आजवर असं कधी…"

"आजवर नगराचे बगळे झाले होते का?"

पानं तिनेच मांडली. सदरेपासून वेशीपर्यंत, वेशीपासून नदीपर्यंत. शेवटची भागूबाई आली ती केतूशेजारी बसली. बाहेर कोणी उरलं नाही. पिसं गळाली, माणसं झाली, आणि केतू म्हणाला, "आई, भूक."

वेशीत करंजा हसत उभी होती.

"हसू नका," राणी म्हणाली. "माझ्या लेकराला पंख लावलेत, तो राग मी गिळलेला नाही. पण पान मांडलंय. बसा."

करंजा बसली. सगळे दोर चुलीत गेले. सदरेपासून नदीपर्यंत वाढता वाढता प्रधानाची कंबर धरली. तो टेकणार, तोच राणी म्हणाली,

"भात परत फिरवा, प्रधानजी. भागूबाईपासून."